नानकिंगच्या बाई

१९८६ साली माझी बदली मराठवाड्यातल्या एका खेड्यातल्या शाखेत झाली, तेव्हा मी पंचवीस वर्षांची होते. गावात एसटी दिवसातून दोनदा यायची, उन्हाळ्यात पाणी टँकरनं यायचं आणि शाखेत बाईमाणूस मी एकटीच. संध्याकाळी कॅश जुळली, शटर खाली आलं, की झोपेपर्यंतचे तास खायला उठत. आधीचे एक अधिकारी जाताना कपाटात काही इंग्रजी पुस्तकं ठेवून गेले होते. त्यांत पानं पिवळी पडलेली, मुखपृष्ठ गेलेली एक कादंबरी होती, 'द गुड अर्थ'. कंदिलाच्या उजेडात ती मी तीन रात्रींत वाचून काढली. वांग लुंग नावाचा एक चिनी शेतकरी, त्याची मुकाट कष्टणारी बायको ओलान, दुष्काळ, भूक आणि जमिनीची न संपणारी ओढ. चीन मी कधी पाहिलेला नव्हता. पण ही माणसं मला रोज काउंटरवर भेटत होती.

त्याच आठवड्यात एक जोडपं सोनेतारणासाठी आलं. पेरणी तोंडावर होती आणि हातात पैसा नव्हता. सराफानं बाईचं डोरलं तराजूत टाकलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यातले दोन मणी तिनं आधीच काढून काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात ठेवले होते. नवऱ्याला ते आवडलेलं दिसलं नाही, पण तो काही बोलला नाही. आदल्या रात्रीच मी वाचलं होतं, की ओलान हाती लागलेले सगळे जडजवाहीर नवऱ्याला जमिनीसाठी देऊन टाकते आणि त्यातले फक्त दोन मोती स्वतःसाठी मागून घेते. पुढे नवरा तेही काढून घेतो, दुसऱ्या बाईसाठी. पावती लिहिताना माझा हात थांबला होता, हे मला आजही आठवतं.

हे पुस्तक लिहिणारी बाई चिनी नव्हती. ती अमेरिकन होती आणि चीनमध्ये मास्तरकी करत होती. परक्या मुलखात शिकवायला राहिलेल्या बाईला ओलानच्या मनातले दोन मोती कसे दिसले, हा प्रश्न मला त्या दिवसापासून चिकटला. नोकरी संपेपर्यंत आणि संपल्यावरही मी पर्ल बकबद्दल मिळेल ते वाचत राहिले. त्यातून जी बाई मला दिसली, तिची ही गोष्ट.

पर्लचा जन्म २६ जून १८९२ चा, अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियातल्या हिल्सबरो गावचा. पण तो जन्म अमेरिकेत झाला हा निव्वळ योगायोग. तिचे आईवडील, अ‍ॅब्सलम आणि कॅरोलिन सिडनस्ट्रिकर, १८८० पासून चीनमध्ये मिशनरी होते आणि त्या वर्षी सुटीवर मायदेशी आले होते. काही महिन्यांचं बाळ घेऊन ते पुन्हा चीनला निघाले. या आईला सात मुलं झाली. त्यांतली चार लहानपणीच गेली. वडिलांचं सारं लक्ष धर्मप्रसारावर. महिनोन् महिने ते गावोगाव फिरायचे आणि घरी असले की बायबलचा आपला चिनी अनुवाद घेऊन बसायचे. त्या अनुवादाच्या छपाईला पैसे जात ते घरखर्चातले. एका ध्येयवेड्या माणसाच्या संसारात बायकोला काय सोसावं लागतं, हे पर्लनं फार लवकर पाहिलं.

यांगत्से नदीच्या काठी चिनकियांग नावाचं शहर आहे. आज त्याला झेंजियांग म्हणतात. तिथल्या टेकडीवर पर्ल वाढली. तिला सांभाळणारी वांग आम्मा ही बांधलेल्या पायांची म्हातारी चिनी बाई. तिच्या गोष्टी ऐकतच पोर मोठी झाली. चिनी भाषा तिच्या तोंडी आधी बसली. कुंग नावाचे एक वृद्ध पंडित तिला चिनी अक्षरं आणि कन्फ्यूशियसची शिकवण द्यायला घरी येत. सकाळी आईकडे अमेरिकन शाळेचा अभ्यास, दुपारी पंडितजींकडे चिनी. आपण चारचौघांसारख्याच आहोत असं तिला वाटायचं. टेकडीवर खेळताना तिला कधी कधी लहान हाडं सापडत. नको असलेल्या, जन्मताच टाकून दिलेल्या मुलींची. ती गुपचूप खड्डा करून ती पुरायची आणि घरी कोणाला सांगायची नाही. आपल्याकडे ज्यांनी नकोशा मुलींची कहाणी जवळून पाहिली आहे, त्यांना हे वाचून काय वाटेल ते मी वेगळं सांगायला नको.

१९०० साली बॉक्सर बंड उसळलं आणि परदेशी माणसांची कत्तल सुरू झाली. वडील मागे राहिले, आई मुलांना घेऊन शांघायला पळाली. आठ वर्षांच्या पर्लला त्या वर्षी कळलं, की ती या देशात परकी आहे. पुढे कॉलेजसाठी ती व्हर्जिनियात गेली, तेव्हा दुसरी गोष्ट कळली. ती तिकडेही परकीच होती. कपडे जुन्या वळणाचे, बोलणं वेगळं. तिनं मुकाट्यानं तिथल्या मुलींसारखं राहायला शिकून घेतलं आणि वर्गाची अध्यक्षही झाली. १९१४ मध्ये पदवी मिळाली. तिथेच राहून शिकवायची संधी होती, पण आई आजारी असल्याचं कळलं आणि ती चीनला परतली. आईची शुश्रूषा करायची आणि मिशनच्या शाळेत मुलांना इंग्रजी शिकवायचं, असं तिचं आयुष्य सुरू झालं. विद्यार्थ्यांतले काही तर वयानं तिच्या जवळपासचे होते.

१९१७ मध्ये तिनं जॉन लॉसिंग बक या तरुण शेतीतज्ज्ञाशी लग्न केलं आणि दोघं आन्हुई प्रांताच्या उत्तर भागात नानसुचौला राहायला गेली. सपाट, कोरडा, धुळीचा मुलूख. तटबंदीच्या आतलं गाव, बाहेर मैलोगणती शेतं आणि पाऊस आला तर आला. लॉसिंगला शेतकऱ्यांची पाहणी करायची होती, पण त्याचं चिनी तोकडं. मग पर्ल दुभाषी म्हणून सोबत जायची. तो बांधावर उभा राहून शेतकऱ्याला एकरी पीक, बियाणं, कर्ज विचारायचा आणि ती घरात चुलीपाशी बायकांत बसायची. तिथे तिला वेगळीच माहिती मिळायची. सासू कशी वागते, दुष्काळात पहिल्यांदा कोणाचं जेवण कमी होतं, कितवी मुलगी कुठे गेली.

मला हा प्रसंग फार जवळचा वाटतो. लॉसिंग बकनं पुढे खरोखरच मोठं काम केलं. १९३० साली त्याचा चिनी शेतीच्या अर्थकारणावरचा ग्रंथ आला, त्यात ७ प्रांतांतल्या २,८६६ शेतांची पाहणी होती. १९३७ च्या दुसऱ्या ग्रंथात तर १६,७८६ शेतं. अभ्यासक आजही ते तक्ते चाळतात. बँकेत मीसुद्धा असे तक्ते केले आहेत. किती एकर, किती कर्ज, किती थकबाकी. तक्ता खोटा नसतो, पण डोरल्यातले दोन मणी त्यात कुठल्या रकान्यात भरायचे, हे कुठल्याच परिपत्रकात लिहिलेलं नसतं. पर्लनं २,८६६ शेतकऱ्यांऐवजी एकच शेतकरी घेतला. एकाच घरात राहूनसुद्धा नवराबायको एकमेकांचं काम ओळखू शकली नाहीत, ही त्या संसाराची शोकांतिका.

१९२० मध्ये लॉसिंग नानकिंग विद्यापीठात शेती अर्थशास्त्र शिकवू लागला आणि पर्लच्या आयुष्यातलं सगळ्यांत महत्त्वाचं पर्व सुरू झालं. आजच्या नानजिंगमधलं विद्यापीठाच्या आवारातलं दुमजली विटांचं घर, पुढे बाग, वर माळ्याची एक खोली, तिच्या खिडकीतून जांभळा पर्वत दिसायचा. ती इंग्रजी साहित्य शिकवू लागली. मिशनच्या विद्यापीठातही आणि शहरातल्या सरकारी विद्यापीठातही. त्या काळी चीनच्या तरुणांत नुसती खळबळ माजली होती. १९१९ च्या ४ मे च्या आंदोलनानंतर जुने ग्रंथ, जुनी लग्नं, जुनी लिपीबद्ध पंडिती भाषा, सगळ्यांवर मुलं तुटून पडली होती. त्यांना पाश्चात्त्य कादंबऱ्या हव्या होत्या, लोकशाही हवी होती आणि सगळं उद्याच्या उद्या हवं होतं.

या वर्गातली गंमत अशी, की मुलं ज्या चिनी गोष्टींना टाकाऊ समजत होती, त्याच बाईंना प्राणप्रिय होत्या. बाजारात, चहाच्या दुकानात ज्या कादंबऱ्या मोठ्यानं वाचल्या जात, त्यांना पंडितांनी कधी साहित्य मानलं नव्हतं. पर्ल त्याच वाचून वाढली होती. पुढे त्यांतल्या एकीचा, वीर दरोडेखोरांच्या प्रचंड कथेचा, तिनं इंग्रजी अनुवाद केला, तो १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्गात ती मुलांना इंग्रजी साहित्य द्यायची, मुलं तिला बदलणारा चीन द्यायची. चांगला शिक्षक वर्गातून काहीतरी घेऊनच बाहेर पडतो, असं माझे शिक्षक वडील मानत. नानकिंगच्या या बाईंना पाहून मला त्यांची आठवण येते.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, किती भरलेलं घर. पण आत एक दुःख वाढत होतं. ४ मार्च १९२० ला तिला मुलगी झाली, कॅरल. निळ्या डोळ्यांचं देखणं बाळ. बाळंतपणानंतर पर्लच्या पोटात गाठ निघाली, शस्त्रक्रिया झाली आणि पुन्हा मूल होणार नाही हे ठरलं. दुसऱ्याच वर्षी तिची आई गेली. इकडे कॅरल तीन वर्षांची झाली तरी बोलेना. १९२४ मध्ये नवऱ्याच्या रजेत ते अमेरिकेला गेले, तेव्हा ती मुलीला घेऊन एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे हिंडली. सगळे धीर देत होते. शेवटी एका मोठ्या इस्पितळाच्या बोळात एका डॉक्टरनं तिला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, की ही मुलगी कधीच मोठी होणार नाही, खोट्या आशेवर आयुष्य आणि पैसा उधळू नका. त्या कठोर माणसाचे उपकार ती जन्मभर मानत राहिली.

कॅरलला फिनाइलकीटोन्युरिया हा जन्मजात विकार होता. अन्नातलं एक द्रव्य शरीराला पचत नाही आणि मेंदूची वाढ खुंटते. पण हा विकार नॉर्वेतल्या डॉक्टरनं शोधला तो १९३४ मध्ये. आज कितीतरी देशांत नवजात बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन तो ओळखतात आणि योग्य आहारानं मूल नीट वाढतं. पर्लच्या नशिबी ते नव्हतं. त्याच अमेरिकेतल्या वर्षात तिनं कॉर्नेल विद्यापीठात एम. ए. चा अभ्यास केला, पैशाच्या गरजेपोटी निबंध लिहून रोख बक्षीस मिळवलं आणि एका अनाथ तान्ह्या मुलीला दत्तक घेतलं. तिचं नाव जॅनिस.

१९२७ चा मार्च. क्रांतिकारी फौजा नानकिंगमध्ये शिरल्या. २४ तारखेला परदेशी लोकांच्या घरांवर हल्ले सुरू झाले, विद्यापीठाचे उपाध्यक्ष गोळीला बळी पडले. म्हातारे वडील, बहीण, तिचा संसार आणि स्वतःच्या दोन मुली घेऊन पर्ल घरातून निघाली. त्यांना आसरा दिला तो एका गरीब चिनी बाईनं. पूर्वी कधीतरी पर्लनं तिला अडचणीत मदत केली होती. त्या बाईच्या एका खोपटात सगळे दिवसभर श्वास रोखून बसले होते. बाहेर लुटालूट चालली होती, नदीतल्या युद्धनौकांवरून तोफा सुटत होत्या. बोलू न शकणाऱ्या सात वर्षांच्या मुलीला त्या अंधारात गप्प ठेवताना आईचं काय झालं असेल, ही कल्पनाच करवत नाही. सगळे वाचले, पण घर धुऊन निघालं. तिनं लिहून ठेवलेलं एका कादंबरीचं हस्तलिखित नष्ट झालं. आईच्या आयुष्यावर लिहिलेलं बाड भिंतीतल्या कपाटात होतं, ते लुटारूंच्या नजरेतून सुटलं.

जपानमध्ये आणि शांघायला कसेबसे दिवस काढून १९२८ मध्ये ती नानकिंगला परत आली. अशा अनुभवानंतर कोणीही कायमचा निरोप घेतला असता. पण तिचं घर तिथेच होतं. आता एकच प्रश्न तिला खात होता. आपल्यामागे कॅरलचं काय? १९२९ मध्ये ती मुलीला घेऊन अमेरिकेला गेली आणि न्यू जर्सीतल्या व्हाइनलँड इथल्या संस्थेत तिला ठेवलं. वर्षाची फी १,००० डॉलर. मिशनरी कुटुंबाला हा आकडा झेपणारा नव्हता. मिशनच्या मंडळावरच्या एका बाईंकडून तिनं २,००० डॉलर कर्ज घेतलं. म्हणजे दोन वर्षांची मुदत. लेकीला मागे ठेवून ती एकटी नानकिंगला परतली, ओकंबोकं घर पाहिलं आणि माळ्यावरच्या खोलीत टाइपरायटर घेऊन बसली. तीन महिन्यांत 'द गुड अर्थ' लिहून झाली.

या ठिकाणी मला माझी एक चूक कबूल केली पाहिजे. माझी पहिली कादंबरी छापून आली, त्या सुमाराला एका साहित्यिक बैठकीत कोणीतरी म्हणालं, की पर्ल बक पैशासाठी लिहायची, म्हणून ती मोठी लेखिका नव्हे. मी मान डोलावली होती. नव्या लेखकाला मोठ्यांच्या होकारात होकार मिसळायची घाई असते. पण दिवसभर मी कर्जाचे अर्ज तपासत होते आणि कर्ज कशासाठी हा रकाना सर्वांत आधी वाचत होते. पर्लचा तो रकाना मी वाचलाच नव्हता. तिथे एका मुलीचं नाव होतं. वांग लुंगच्या थोरल्या मुलीकडे पुन्हा पाहा. ती कधी शहाणी होत नाही, बोलत नाही, उन्हात बसून चिंधीशी खेळते आणि हसते. बाप तिला शेवटपर्यंत जपतो. कॅरलचा उच्चार जगापुढे करायचं धैर्य पर्लला अजून झालं नव्हतं. १९५० मध्ये तिनं लेकीबद्दल उघडपणे लिहिलं, तोवर या कादंबरीतच तिनं तिला लपवून ठेवलं होतं.

पुढचं यश सर्वांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगते. मार्च १९३१ मध्ये पुस्तक आलं. १९३१ आणि १९३२ अशी सलग दोन वर्षं ते अमेरिकेत सर्वाधिक खपलं. १९३२ मध्ये पुलित्झर पारितोषिक, १९३७ मध्ये चित्रपट, त्यात ओलान झालेल्या लुइझ रायनरला ऑस्कर. कॅरलची जन्माची सोय झाली. १९३८ मध्ये नोबेल मिळालं, साहित्यातलं नोबेल मिळवणारी ती पहिली अमेरिकन स्त्री. पुष्कळ अमेरिकन लेखकांनी नाकं मुरडली. तिनं स्टॉकहोमच्या व्यासपीठावरून भाषण केलं ते चिनी कादंबरीवर. ज्यांना पंडितांनी साहित्य म्हटलं नाही, त्या बाजारातल्या गोष्टींना तिनं नोबेलच्या सभागृहात नेऊन बसवलं.

पण तोवर चीन सुटला होता. १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या भाषणात तिनं मिशनऱ्यांच्या अहंकारावर टीका केली, गदारोळ झाला आणि तिनं मिशनचा राजीनामा दिला. १९३४ मध्ये ती अमेरिकेला गेली, १९३५ मध्ये लॉसिंगशी घटस्फोट घेऊन प्रकाशक रिचर्ड वॉल्शशी लग्न केलं. तिनं एकूण सात मुलं दत्तक घेतली. चिन्यांना अमेरिकेत येण्यास बंदी करणारा १८८२ चा कायदा १९४३ मध्ये रद्द झाला, त्यासाठी ती झटली. महायुद्धाच्या काळात भारताच्या स्वातंत्र्याच्या बाजूनं ती उघडपणे बोलली. एका भारतीय वडिलांच्या आणि अमेरिकन आईच्या बाळाला कोणी दत्तक घेईना, म्हणून १९४९ मध्ये तिनं मिश्रवंशीय मुलांसाठी 'वेलकम हाउस' सुरू केलं. आपल्या देव आनंदच्या 'गाइड'ची इंग्रजी आवृत्ती निघाली, तिची पटकथाही तिचीच. ती चालली नाही.

तिचं सगळंच बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. सत्तराहून अधिक पुस्तकं लिहिली, त्यांतली कितीतरी घाईची आहेत. उतारवयात एका तरुण सहकाऱ्यावर तिनं नको इतका विश्वास टाकला आणि तिच्या संस्थेच्या कारभारावर वर्तमानपत्रांतून आरोप झाले, तरी ती त्याची पाठराखण करत राहिली. माणसं ओळखणारी बाई माणसात चुकली. हे असं होतं.

१९७२ मध्ये अध्यक्ष निक्सन चीनला गेले. आठ दशकांच्या उंबरठ्यावरच्या पर्लनं आपलं घर, आईची कबर पाहण्यासाठी व्हिसा मागितला. तिच्या पुस्तकांनी चिनी जनतेची बदनामी केली असं कारण देऊन तो नाकारला गेला. ज्या भाषेत ती पहिले शब्द बोलली, त्या भाषेच्या मुलखाचं दार बंद झालं. ६ मार्च १९७३ ला व्हरमाँट राज्यात ती गेली. आज नानजिंगच्या विद्यापीठातलं तिचं घर स्मारक म्हणून जपलेलं आहे, चिनकियांगलाही तिचं स्मारक आहे. कॅरल मात्र आईच्या मागे एकोणीस वर्षं जगली, १९९२ पर्यंत, त्याच संस्थेत. हिशेब असा चोख लागलेला मी क्वचित पाहिला आहे.

पेनसिल्व्हानियातल्या तिच्या शेतावर तिची कबर आहे. दगडाची आखणी तिनंच करून ठेवली होती. त्यावर इंग्रजी नाव नाही. तीन चिनी अक्षरं आहेत, साई झेनझू. साई हे माहेरच्या आडनावापासून केलेलं आणि झेनझू म्हणजे मोती.

राहता राहिलं ते डोरलं. दुसऱ्या वर्षी पीक बरं आलं आणि ती बाई एकटीच ते सोडवायला आली. खात्यावर सही झाली, पुडी फोडून डोरलं तिच्या हातात दिलं. तिनं गळ्यातला काळा दोरा तोडला, दोन मणी तळहातावर घेतले आणि काउंटरवरच ओवायला बसली. तिच्याजवळचा दोरा अपुरा पडला. व्हाउचरचे गठ्ठे शिवायचा पांढरा दोरा आमच्याकडे रीळभर असायचा, तोच मी तिला तोडून दिला. मागे रांग लागली होती. कोणीही घाई केली नाही.